हरण्या

"आजोबा, हरण्याला काहीच शिकवता आलं नाही का?" असे नातीने परवा विचारले, तेव्हा उत्तर ठाऊक असूनही मला ते देववले नाही.

हरण्या कारवान जातीचा. मुधोळच्या घोरपडे राजांनी ज्या श्वानकुळाला आश्रय दिला, त्याच कुळातला. ससा दृष्टीस पडताच धन्याची हाक पोचणार नाही इतक्या दूर धावत जाऊन, कोठे वळावे व कोठे झडप घालावी याचा निर्णय स्वतःच करणे हा ज्याच्या पूर्वजांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धर्म, त्याला आज्ञेसाठी मागे वळून पाहण्याची सवय कोठून असणार? परंतु निजामी अमदानीच्या अखेरीस तहसिलीत मोहरीर म्हणून नोकरीस लागलेल्या आमच्या अण्णांना हे मान्य नव्हते. हुकूम एकदाच द्यावयाचा आणि त्याची तामिली झालीच पाहिजे, हा त्यांचा दंडक कुत्र्याला होता तसाच मुलांनाही होता. त्यांची हाक ऐकून हरण्या येई, पण पाच हातांवर थबके. दुसरी हाक अण्णा मारीत नसत आणि उरलेले पाच हात हरण्या चालत नसे. याच एका हाकेच्या हट्टापायी माझा वडील भाऊ पुण्यास निघून गेला, त्याला तेव्हा चार वर्षे झाली होती.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून शिरूर अनंतपाळ नुकतेच निजले होते, आणि पहाटे चारच्या सुमारास भुईतून गडगडाट उठला. आम्ही सारे अंगणात धावलो. हरण्या मात्र माजघराच्या दारात खिळून राहिला. माळवदाची माती झरझर गळत होती. अण्णांनी हाक मारली, एकदाच. तो हलला नाही. कंदिलाच्या उजेडात त्याचे डोळे तेवढे दिसत होते.

"आवो, आणिक एकदा बोलवा की त्याला," आई म्हणाली.

"ये रे बाबा," अण्णा म्हणाले, आणि मग म्हणतच राहिले. त्यांचा आवाज इतका हळवा होऊ शकतो हे आम्हांपैकी कोणासच ठाऊक नव्हते, आणि सातव्या की आठव्या हाकेला त्यांच्या तोंडून हरण्याच्या जागी दादाचे नाव गेले. आई पदर तोंडाशी धरून मटकन खाली बसली. हरण्या उंबरा ओलांडून आला आणि त्याने अण्णांच्या गुडघ्याला डोके लावले.

उजाडल्यावर किल्लारीकडची वार्ता आली. आमच्यासारख्याच दगडमातीच्या घरांखाली, असल्याच माळवदांच्या ओझ्याखाली, हजारो माणसे निजल्या जागी गाडली गेली होती. तिसऱ्या दिवशी दादा आला. अण्णांनी त्याला काही विचारले नाही. जेवताना आपल्या ताटातली भाकरी मोडून त्याच्या ताटात ठेवली.

अण्णा गेले, हरण्या म्हातारा झाला. दहा वर्षांनंतरच्या पौषातल्या एका रात्री मी त्याला घरात बोलावले. तो आला आणि पाच हातांवर उभा राहिला. मी दिवसभराचा शिणलेला होतो, कोणावर तरी रागावलेलाही होतो. दुसरी हाक न मारता मी दाराला कडी घातली.

सकाळी तो तेथेच, दाराकडे तोंड करून, थंडगार पडलेला होता.