चला, उतारा वाचायला फोर्टात!

कॅटच्या ‘आरसी’ची धास्ती घेतलीय? मग या शनिवारी मॉक टेस्ट आणि वर्डलिस्ट घरीच ठेवा, सॅक पाठीला लावा आणि सीएसएमटीची लोकल पकडा!

शाळेत ‘खालील उतारा वाचा आणि प्रश्नांची उत्तरे लिहा’ हा प्रश्न म्हणजे हक्काचे मार्क. उत्तर उताऱ्यातच असायचं. वाक्य शोधायचं, जसंच्या तसं उतरवायचं, की झालं काम! मग कॉलेज झालं, नोकरी लागली, दोन अप्रेझल झाली आणि एके दिवशी एमबीएचा किडा चावला. कॅट, एक्सएटी, स्नॅप, एनमॅट, राज्याची सीईटी... फॉर्मांची यादी तयार. क्वांट्सचं फारसं टेन्शन नाही, कारण निम्मी जनता इंजिनीअर. घोडं अडतं ते पुन्हा त्या उताऱ्यापाशी. आता त्याचं नाव रीडिंग कॉम्प्रिहेन्शन, उर्फ आरसी.

हिशेब बघा. गेल्या काही वर्षांत कॅटच्या व्हर्बल सेक्शनला ४० मिनिटं आणि २४ प्रश्न असतात. त्यातले १६ आरसीचे, म्हणजे चार उतारे आणि प्रत्येकावर चार प्रश्न. बरोबर उत्तराला ३ मार्क, चुकलं तर १ वजा. म्हणजे आरसीचे ४८ मार्क, जवळजवळ पाव पेपर! उतारा साधारण पाचशे शब्दांचा. मिळणारा वेळ सात मिनिटं; त्यात तीन वाचायला, चार प्रश्नांना.

मराठी मीडियमवाल्यांना वाटतं, आपलं इंग्रजी कच्चं, म्हणून आरसी जमत नाही. मग डिक्शनरी पाठ करण्याचा सपाटा सुरू होतो. पण खरी अडचण बऱ्याचदा शब्दांची नसतेच. दिवसभर मेल, मेसेज आणि एक्सेल शीट वाचून आपल्याला तुकडे वाचायची सवय लागलेली असते. त्यात समोर येतं काय, तर कुठल्यातरी शतकातल्या वास्तुकलेवरचा किंवा समुद्री व्यापारावरचा निबंध. ‘याच्याशी माझा काय संबंध?’ असं मनात आलं, की दुसऱ्या पॅराग्राफला डोळे नुसते सरकत राहतात.

संबंध नाही म्हणता? मग दक्षिण मुंबईत एक चक्कर माराच. हे सगळे ‘परके’ विषय तिथे दगडात उभे आहेत, तेही चालत जाता येईल एवढ्या अंतरात. सोबत हवेत फक्त दोन-तीन लांब इंग्रजी लेखांचे प्रिंटआउट आणि सायलेंट केलेला मोबाइल. आणि हो, शनिवारच पकडा. रविवारी मेगाब्लॉकने घात केला तर आम्हाला बोलायचं नाही!

लोकल : ४० मिनिटांचा सेक्शन

ठाण्याहून फास्ट लोकल सीएसएमटीला साधारण पाऊण तास घेते. म्हणजे अख्खा व्हर्बल सेक्शन! खिडकी मिळाली तर झक्कास, नाही मिळाली तरी परीक्षा केंद्रावर कुठे खिडकी मिळणार आहे? पहिला लेख काढा. विषय मुद्दाम नावडता निवडा. तत्त्वज्ञान म्हणा, पक्ष्यांचं स्थलांतर म्हणा. अडलेला शब्द शोधायला मोबाइल काढायचा नाही, मागचं वाक्य पुन्हा वाचायचं नाही, थांबायचं नाही. भायखळा गेलं की कागद घडी करून ठेवा आणि सीएसएमटी यायच्या आत स्वतःला सांगा, ‘लेखकाला नक्की म्हणायचंय काय?’ तेही एका वाक्यात आणि मराठीत चालेल. मराठीत सांगता आलं तर समजलं. नाही आलं, तर इंग्रजीतही समजलेलं नव्हतं.

एशियाटिक : मेन आयडिया

स्टेशनसमोरच्या गल्लीत पुरीभाजी हाणा आणि दहा-पंधरा मिनिटं चालत हॉर्निमन सर्कलला या. समोर दिसेल तो टाउन हॉल. पांढरेशुभ्र खांब, तीस पायऱ्या, सिनेमात शंभरदा पाहिलेला. इमारत १८३३ ची. आत एशियाटिक सोसायटी. तिची सुरुवात १८०४ मध्ये सर जेम्स मॅकिंटॉश या न्यायाधीशाने केली. दान्तेच्या ‘डिव्हाइन कॉमेडी’चं जुनं हस्तलिखित तिच्या संग्रहात आहे. राज्य मध्यवर्ती ग्रंथालयही याच इमारतीत.

आता एक गंमत करा. आधी खांबाला खेटून उभे राहा. काय दिसतं? एक खांब. मग रस्ता ओलांडून बागेच्या कडेला जा. आता अख्खी इमारत दिसते. आरसीमधल्या ‘मेन आयडिया’चा फंडा एवढाच आहे. चुकीचे पर्याय दोन जातींचे असतात. एक नुसता खांब दाखवतो, म्हणजे उताऱ्यातला एखादाच खरा तपशील. दुसरा अख्खा फोर्ट दाखवतो, म्हणजे उताऱ्यात नसलेलं भलंमोठं विधान. आपल्याला हवी असते ती इमारत. प्रत्येक पॅराग्राफ संपला की चार शब्दांत त्याचं काम काय ते ठरवा. मुद्दा मांडला? उदाहरण दिलं? का ‘पण’ म्हणून गाडी वळवली? त्या ‘पण’कडे खास लक्ष ठेवा. बहुतेक वेळा लेखकाचं खरं मत त्याच्या पुढेच असतं.

हॉर्निमन सर्कल : सूर ओळखा

बागेत सावली आहे, जरा टेका. या चौकाला आधी गव्हर्नर एल्फिन्स्टनचं नाव होतं. आताचं नाव बेंजामिन हॉर्निमन यांचं. तेही इंग्रजच! पण ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक म्हणून त्यांनी सरकारवर इतकी टीका केली, की १९१९ मध्ये सरकारने त्यांना इंग्लंडला पाठवून दिलं.

म्हणजे नावावरून बाजू ओळखायला गेलात तर फसलात. ‘टोन’च्या प्रश्नात नेमकं हेच होतं. लेख भांडवलशाहीवर आहे, म्हणजे लेखक तिच्या विरोधात असणार, असं आपण पहिल्या ओळीत ठरवून टाकतो. तसं नका करू. लेखकाची विशेषणं आणि क्रियाविशेषणं वेचा. ‘दुर्दैवाने’, ‘तथाकथित’, ‘काही अंशी’ अशा अर्थाचे छोटे शब्द सूर सांगतात. आणि पर्यायांमध्ये टोकाचा राग किंवा टोकाचं कौतुक दिसलं की आधी संशय घ्या. असे निबंध लिहिणारी मंडळी सहसा संयमाने लिहितात.

हुतात्मा चौक : स्वतःला बाजूला ठेवा

वीर नरिमन रोडने सरळ चालत या. १८६४ चं फ्लोरा फाउंटन, फ्लोरा ही रोमन देवता. शेजारीच संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातल्या हुतात्म्यांचं स्मारक. नोव्हेंबर १९५५ मध्ये याच परिसरात निदर्शकांवर गोळीबार झाला होता आणि १ मे १९६० ला राज्य मिळालं. एकाच चौकाची दोन नावं, दोन गोष्टी.

आरसीचा सगळ्यात अवघड धडा इथे मिळतो. समजा, परीक्षेत या चौकावरच उतारा आला आणि लेखकाने फक्त कारंज्याच्या शिल्पकलेबद्दल लिहिलं. स्मारकाचा उल्लेखच नाही. मराठी माणूस म्हणून आपलं रक्त उसळणार, आणि हुतात्म्यांचा उल्लेख असलेल्या पर्यायावर आपण डोळे मिटून क्लिक करणार. तो पर्याय इतिहास म्हणून शंभर टक्के खरा असेल. तरीही उत्तर म्हणून चूक! कारण प्रश्न ‘खरं काय’ असा नसतो, ‘या लेखकाने काय म्हटलं’ असा असतो. आपल्याला पटत नसलेल्या माणसाचं म्हणणंसुद्धा आधी पूर्ण ऐकून घेणं, ही यातली खरी परीक्षा. मीटिंगमध्ये, घरी, सगळीकडेच उपयोगी पडते. वाद नंतर घालता येतो.

इथल्या फुटपाथवर एकेकाळी पुस्तकांची रांगच्या रांग असायची. २००५ मध्ये महापालिकेने बरेच स्टॉल हटवले. जे उरलेत तिथे घासाघीस करून जुनी इंग्रजी मासिकं किंवा निबंधांचं एखादं पुस्तक उचला. गाइडांचा ढीग दिसेल, त्याला नमस्कार करून पुढे चला.

काळा घोडा : इन्फरन्स

महात्मा गांधी रोडने दक्षिणेला काळा घोडा. इथे प्रिन्स ऑफ वेल्सचा, म्हणजे पुढे सातवा एडवर्ड झालेल्या राजपुत्राचा, घोड्यावरचा पुतळा होता. १९६५ मध्ये तो हलवला, आता तो भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे. २०१७ मध्ये इथे नवा काळा घोडा बसवला. पाठीवर स्वार नाही.

आता सांगा, यावरून काय निष्कर्ष निघतो? ‘मुंबईकरांना राजपुत्राचा तिटकारा होता’? तसं कुठे म्हटलंय? ‘मुंबईकरांना घोडे आवडतात’? छे! ‘पुतळा गेल्यावरही जागेचं नाव टिकलं’? हं, हे मात्र पक्कं. १९६५ ते २०१७ घोडा नव्हता, तरी लोक ‘काळा घोडा’च म्हणत राहिले. इन्फरन्स म्हणजे कल्पनेचा घोडा उधळणं नव्हे. दिलेल्या ओळींवरून एकच छोटी, सुरक्षित उडी.

बाजूलाच १८७० च्या इमारतीतली डेव्हिड ससून लायब्ररी. ससून बगदादचे ज्यू व्यापारी, मुंबईत आले आणि कापूस-अफूच्या व्यापारात गब्बर झाले. घ्या, तुमचा ‘समुद्री व्यापार’! सभासदत्वाचे आणि वेळेचे नियम आधी विचारून घ्या. आत बसायला मिळालं तर दुसरा लेख इथेच काढा आणि यावेळी घड्याळ लावा.

राजाबाई टॉवर : कोण म्हणतं?

शेवटचा स्टॉप ओव्हल मैदान. समोर १८७८ चा राजाबाई टॉवर. पैसे दिले प्रेमचंद रायचंद या कापसाच्या बड्या दलालाने, नाव दिलं आईचं. आराखडा गिल्बर्ट स्कॉट यांचा, आणि त्यांनी मुंबई कधी पाहिलीच नव्हती! राजाबाईंना दिसत नसे, म्हणून वेळ कळायला घड्याळाचे टोले, असंही म्हणतात.

या शेवटच्या ‘म्हणतात’वर बोट ठेवा. साल आणि देणगी ही माहिती झाली. टोल्यांची गोष्ट ही आख्यायिका. उताऱ्यातही लेखक कधी स्वतः बोलतो, कधी ‘काही अभ्यासकांच्या मते’ म्हणून दुसऱ्याला बोलू देतो, आणि पुढे त्यालाच खोडून काढतो. कोण बोलतंय हे सुटलं, की मार्क सुटलाच.

सोमवारपासून काय?

एका शनिवारात पर्सेंटाइल नव्वद्याण्णववर जात नाही, बॉस. रोज अर्धा तास, एक लांब लेख, नंतर एक वाक्य. ‘एऑन’, ‘गार्डियन’सारख्या ठिकाणचे निबंध घ्या, कॅटचे बरेच उतारे अशाच लेखनातून येतात. कंटाळा आला तर मराठी अग्रलेख घ्या आणि हेच प्रश्न विचारा. मुद्दा काय, सूर काय, बोलतंय कोण, न सांगता काय सुचवलंय? वाचण्याचं कसब एकच असतं, भाषा बदलली तरी. मराठीत मन लावून वाचणारा माणूस आरसीत शून्यापासून सुरुवात करत नाही, हे लक्षात असू द्या.

पुण्यात, नागपुरात, कोल्हापुरात राहणाऱ्यांनी हिरमुसायचं कारण नाही. आपल्या पेठेतला वाडा, चौकातला पुतळा, जुनं वाचनालय, सगळीकडे एकेक उतारा उभा आहे. कॅट बहुतेक नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी असते. मध्ये किती शनिवार उरलेत, कॅलेंडर काढून मोजा. आणि पहिला प्रिंटआउट आजच काढा... ऑफिसच्या प्रिंटरवर, बॉस जेवायला गेल्यावर!