मूळ फाइलीची मांडणी

संगणक-प्रणालीची माहितीपुस्तिका छापील पानावरही वाचली जाते आणि पडद्यावरही. म्हणून जाणता लेखक पान थेट सजवत बसत नाही, तर प्रत्येक घटकाला त्याच्या अर्थानुसार खूण करत साधा मजकूर लिहितो, आणि अशा खुणांकित मजकुराला मूळ फाइल म्हणतात. ग्नू प्रकल्पासाठी रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८० च्या दशकात घडवलेल्या टेकइन्फो या पद्धतीत एकाच मूळ फाइलीतून, डोनाल्ड क्नूथ यांच्या टेक या अक्षरजुळणी-प्रणालीद्वारे छपाईची प्रत निघते, तर मेकइन्फो या प्रोग्रामद्वारे एचटीएमएल आणि साध्या अक्षरांच्या पडद्यासाठीचे ‘इन्फो’ रूप तयार होते.

फाइलीची पहिली ओळ टेकला टेकइन्फोच्या व्याख्या वाचायला लावते आणि ‘@सेटटायटल’ ही आज्ञा पुस्तिकेचे नाव ठरवते. पुढच्या ‘@कॉपीइंग’ विभागात आवृत्ती आणि वापराचा परवाना एकदाच नोंदवतात. हा मजकूर तिथे उमटत नाही, ‘@इन्सर्टकॉपीइंग’ ही आज्ञा जिथे येईल तिथे उमटतो, आणि त्यामुळे छापील प्रतीतला परवाना व पडद्यावरचा परवाना यांत तफावत राहत नाही. ‘@नोड’ने वाचकाला थेट पोहोचता येईल असे ठिकाण ठरते, ‘@चॅप्टर’ने प्रकरणाचे शीर्षक, आणि ‘@बाय’ आली की तिच्यापुढचे काहीही वाचले जात नाही.

ग्रंथ मोठा असेल तर प्रकरणागणिक स्वतंत्र फाइल ठेवून मुख्य फाइलीत ‘@इन्क्लूड’च्या ओळींनी त्यांचा क्रम लावावा, मात्र आरंभाच्या ओळी आणि ‘@बाय’ मुख्य फाइलीतच असाव्यात, कारण मधल्या एखाद्या प्रकरणात ‘@बाय’ चुकून आली तर ग्रंथ तिथेच संपतो.

खरी कसोटी मात्र मजकुरातल्या खुणांची असते. वाचकाने ज्याच्या जागी आपले मूल्य घालायचे त्या शब्दाला ‘@व्हार’ ही खूण केली, तर तो छपाईत तिरका दिसतो आणि इन्फोमध्ये मोठ्या रोमन अक्षरांत; देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नसल्याने मराठी शब्दावर हा दुसरा परिणाम दिसणारच नाही. तरीही खूण योग्यच राहते, कारण तिच्यात शब्दाचे काम नोंदलेले असते आणि ते कसे दाखवायचे हे प्रत्येक माध्यमासाठी पुढे सुधारता येते. नुसते ‘तिरके’ असे लिहून ठेवले, तर पुस्तिकेचे नाव, जोर दिलेला शब्द आणि भरायची जागा यांतला भेद फाइलीतूनच नाहीसा होतो, आणि मग कोणताही प्रोग्राम तो परत शोधून देऊ शकत नाही. म्हणून लेखकाने सर्वाधिक वेळ, घटक कसा दिसावा यापेक्षा तो काय आहे हे ठरवण्यात घालवावा.