सवय झालेल्या गावातून माथेरानला

नेरळ स्टेशनबाहेर टॅक्सीवाले सीट भरेपर्यंत हाका मारत राहतात. मग गाडी घाट चढू लागते, वळणावळणावर हॉर्न, पहिल्या गिअरची घरघर, आणि बघता बघता दस्तुरी नाका येतो. इथे सगळ्यांनी उतरायचे. मोटार असो की मोटारसायकल, खासगी वाहन इथून पुढे जात नाही. रुग्णवाहिका तेवढी जाते. बाजारापर्यंत अडीच-तीन किलोमीटरची लाल मातीची वाट. ती पायी चालावी, घोड्यावर बसावे, अमन लॉजहून छोट्या आगगाडीने जावे किंवा आता आलेल्या ई-रिक्षात नंबर लावावा.

2025 च्या बकरी ईदनंतरच्या आठवड्यात, शाळा उघडायच्या तोंडावर, आम्ही घरचे सहाजण तिथे गेलो. मे महिन्याच्या अखेरीस पाऊस लवकर येऊन कोसळून गेला होता आणि मग थांबला होता. वाट ओलसर, झाडे धुतलेली, गर्दी मात्र ओसरलेली. दस्तुरीचा वाहनतळ मागे पडला तशी आमच्या धाकटीने विचारले, "आता एवढं वेगळं का वाटतंय?" वेगळे वाटत होते ते काहीतरी कमी झाल्यामुळे. एका वळणानंतर मोटारींचा आवाज पूर्ण बंद झाला होता. उरले ते घोड्यांच्या टापा, माणसांची बोलणी आणि झाडांतून पळणारी माकडे.

आम्ही भिवंडीचे. उर्दू शाळेत मराठी शिकवतो, आणि राहतो अशा गल्लीत जिथे दोन घरे सोडून लूमचा कारखाना आहे. ज्यांनी यंत्रमाग जवळून पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो: त्याचा आवाज येतो मुख्यतः धोट्यामुळे. लाकडी दांडा धोट्याला एका बाजूने जोरात फटका मारतो, धोटा सुताची कांडी घेऊन ताण्यामधून पलीकडे जातो, आणि तिथल्या पेटीवर आपटून थांबतो. मग उलटा फटका. हे मिनिटाला शंभराहून अधिक वेळा. असा एक नाही, एका पत्र्याच्या छपराखाली वीस-चोवीस लूम शेजारी शेजारी. अशा कारखान्यात आवाज साधारण 95 ते 100 डेसिबलपर्यंत जातो. आपल्या कारखाना नियमांत आठ तासांच्या पाळीसाठी मर्यादा 90 डेसिबलची आहे. 90 आणि 100 मध्ये फरक दहाचाच दिसतो, पण डेसिबलचा हिशेब फूटपट्टीसारखा नसतो. दहा डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दहापट होते. पाळी आठ तासांचीच असते असेही नाही.

भिवंडीत कोणालाही विचारा, या आवाजाचा त्रास होत नाही का? उत्तर ठरलेले: "आदत हो गई है." हेच उत्तर आम्हीही पाहुण्यांना देत आलो. माथेरानच्या तीन दिवसांत या 'सवय' शब्दाचाच आम्ही जास्त विचार केला.

आधी माथेरानविषयी थोडे. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट 1850 मध्ये हा डोंगर चढून आले आणि इथे इंग्रजांची वस्ती सुरू झाली. नेरळहून वर येणारी दोन फूट रुंदीची रेल्वे मात्र इंग्रजांच्या नव्हे, सर आदमजी पीरभॉय यांच्या बोहरा घराण्याच्या पैशावर आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांच्या हट्टावर उभी राहिली. काम 1904 मध्ये सुरू झाले आणि 1907 मध्ये गाडी धावली. गावात मोटारींना बंदी जुनीच. 2003 मध्ये केंद्र सरकारने माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर केले आणि त्या बंदीला बळ मिळाले. सुमारे आठशे मीटर उंचीवर मोटारीशिवाय चालणारे हे गाव म्हणजे काही पुस्तकातली कल्पना नाही. इथे शाळा आहे, बाजार आहे, दूध-भाजी येते, गॅसचे सिलिंडर येतात. सगळे येते, फक्त जरा हळू येते.

आमच्याबरोबर अब्बा होते. पस्तीस वर्षे त्यांनी लूम चालवले. त्यांच्याशी बोलायचे तर घरात आम्ही मोठ्याने बोलतो. टीव्हीही मोठा, म्हणून अम्मी मोठ्याने, म्हणून मुलेही मोठ्याने. बाहेरच्याला वाटावे की रोज भांडण चालू आहे. माथेरानच्या वाटेवर नातू त्यांच्या शेजारून चालत होता, नेहमीच्या आवाजात काहीतरी शाळेचे सांगत होता, आणि अब्बा उत्तर देत होते. आम्ही मागून चालता चालता एकमेकांकडे पाहिले. हा चमत्कार नव्हता. कान अधू झाला की बोलणे ऐकू येण्यापेक्षा गोंगाटातून बोलणे वेगळे काढणे जास्त अवघड होते. गोंगाटच नसेल तर उरलेल्या कानावरही बरेच भागते. म्हणजे भिवंडीत अब्बांची श्रवणशक्ती आहे त्याहून कमी होते, आणि माथेरानला ती होती तेवढी मिळाली.

पण त्याच रात्री दुसरी गोष्ट घडली. आम्ही खोलीबाहेरच्या ओट्यावर बसलो होतो. रातकिड्यांनी असा सूर लावला होता की धाकटी कान झाकून म्हणाली, "दादाजान, किती ओरडतात हे!" अब्बा म्हणाले, "कौन? मला तर एकदम सन्नाटा वाटतोय. छान आहे." त्यांना रातकिडे ऐकूच येत नव्हते. एकही नाही.

आपल्या आतल्या कानात शंखासारखा एक अवयव असतो, त्यात केसांसारखे तुरे असलेल्या काही हजार पेशी. आवाजाच्या लाटेने त्या लवतात आणि मेंदूकडे संदेश पाठवतात. रोजच्या मोठ्या आवाजाने त्या थकतात, मोडतात, मरतात. आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. आधी मरतात त्या बारीक, उंच पट्टीचे सूर टिपणाऱ्या: रातकिडे, पाखरांची चिवचिव, बोलण्यातले 'स', 'श', 'फ'. म्हणून अशा माणसाला बोलणे ऐकू येते पण शब्द कळत नाहीत, आणि घरचे म्हणतात, "हवं तेव्हा बरोबर ऐकू येतं!" हे दुखत नाही, रक्त येत नाही. वीस वर्षांत हळूहळू होते. आवाज आता पूर्वीइतका टोचत नाही, याला आपण सवय म्हणतो. कित्येकदा ती पेशींची घटलेली संख्या असते. कानात कापूस घालून विशेष उपयोग होत नाही. फोमचे इअरप्लग नीट बसवले तर होतो, आणि ते अगदी स्वस्त मिळतात. अब्बांच्या पस्तीस वर्षांत ते कोणी दिले नाहीत, कोणी कानही तपासले नाहीत. कामाच्या ठिकाणच्या आवाजाने आलेले बहिरेपण कायद्यात व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेले आहे, भरपाईच्या कायद्यातही आहे. पण तपासणीच झाली नाही तर नोंद कशाची होणार?

कानाचे एकवेळ समजते. पण कारखान्यात न जाणाऱ्या आपल्यासारख्यांचे काय? रस्त्याचा, हॉर्नचा, रात्री एकला चालू असलेल्या मिरवणुकीचा आवाज कान फोडत नाही, तो दुसऱ्या वाटेने आत शिरतो. झोपेतही कान बंद होत नाहीत. ट्रक गेला, आपण जागे झालो नाही, सकाळी आठवतही नाही. पण त्या क्षणी हृदयाची गती वाढलेली असते, रक्तदाब चढलेला असतो, शरीराने धोक्याची संप्रेरके सोडलेली असतात. मनाला सवय होते, हृदयाला तेवढी होत नाही. वर्षानुवर्षे असे चालले की रक्तदाब आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने 2011 मध्ये हिशेब मांडला तेव्हा एकट्या पश्चिम युरोपात वाहतुकीच्या आवाजामुळे दरवर्षी निरोगी आयुष्याची किमान दहा लाख वर्षे वाया जातात असे निघाले. तिथे हॉर्न वाजवणे असभ्य समजतात, हे लक्षात घ्या. आपल्याकडे 2000 सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. आमच्या खिडकीत फोनवरच्या ॲपने रात्री अकराला सत्तरच्या घरात आकडा दाखवला होता. ॲप म्हणजे सरकारी मोजमाप नव्हे, पण इतका फरक चुकून होत नाही.

माथेरानचे नुसते गुणगान करावे असेही नाही. तिथली शांतता कोणाच्या तरी खांद्यावर उभी आहे. आम्ही गेलो तेव्हा हाताने ओढायच्या रिक्षा चालू होत्या. एकजण पुढे जुंपलेला, मागून एक-दोघे ढकलणारे, आत आमच्यासारखाच कोणी पर्यटक. अब्बांना गुडघ्याचा त्रास, त्यांना त्यात बसवावे असे एकाने सुचवले. अब्बा म्हणाले, "मी घोड्यावर बसेन, माणसावर नाही." दोनच महिन्यांनी, ऑगस्ट 2025 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा माणुसकीला धरून नाही म्हणून सहा महिन्यांत बंद करण्याचा आणि त्या जागी ई-रिक्षा देण्याचा आदेश दिला. आम्हाला तो योग्य वाटतो. विजेची रिक्षा जवळजवळ आवाज करत नाही, म्हणजे शांततेसाठी माणसाने जनावराचे काम करावे ही अट मुळातच नव्हती. आमचा घोडेवाला मात्र काळजीत होता. "भाई, आवाज नाही म्हणून तुम्ही इथे येता. पण आवाज नसलेली गाडीही आमचं गिऱ्हाईक नेते." त्याचे म्हणणे खोटे नव्हते, आणि आमच्याकडे त्याला द्यायला उत्तर नव्हते.

दुसऱ्या दिवशी एको पॉइंटला गेलो. समोरच्या कड्यावरून आवाज परत येतो म्हणून तिथे प्रत्येकजण ओरडतो; मुले ओरडली, आम्हीही ओरडलो, मजा आली. थोड्या वेळाने तरुणांचा एक घोळका खिशातला ब्लूटूथ स्पीकर काढून बसला आणि कड्याचा आवाज कोणाला ऐकू येईना. रागावण्यात अर्थ नव्हता. आपल्या वलीम्याला डीजे असतो, आपल्या मोहल्ल्यातल्या जलशाचे कर्णे दवाखान्याच्या दिशेने बांधलेले असतात, आणि तक्रार करणाऱ्याला आपण म्हणतो, एकच रात्र तर आहे! दुसऱ्यांच्या मिरवणुकीलाही हेच उत्तर असते. सूरह लुकमानमध्ये बापाने मुलाला केलेल्या उपदेशात आवाज खाली ठेवण्याची गोष्ट येते, ती आपण मुलांना पाठ करायला लावतो, कधीकधी माइकवरूनच.

शिक्षक म्हणून आम्हाला सर्वांत जास्त बोचते ती न्यूयॉर्कच्या एका शाळेची हकिकत. तिच्या एका बाजूला उंचावरून जाणारा रेल्वेमार्ग होता. 1975 मध्ये आर्लिन ब्रॉन्झाफ्ट यांनी दाखवले की रुळांच्या बाजूच्या वर्गातली मुले वाचनात शांत बाजूच्या मुलांहून बरीच मागे होती, वरच्या वर्गात तर जवळजवळ एक वर्ष. रुळांखाली रबराच्या पट्ट्या घातल्या, वर्गांच्या छताला आवाज शोषणारे अस्तर लावले, आणि 1981 च्या पाहणीत दोन्ही बाजूंची मुले बरोबरीला आली. मुले तशीच, शिक्षक तसेच. आमच्या शाळेत पहिली आणि दुसरी रस्त्याच्या बाजूला भरतात, आणि मार्चमध्ये आम्ही त्याच मुलांच्या प्रगतिपुस्तकात 'वाचनात कच्चा' असे लिहितो. हॉर्न वाजला की वाक्य अर्धवट सोडायचे, तो थांबला की पुन्हा धरायचे. एका तासाला असे किती वेळा होते ते आम्ही एकदा मोजले. एकोणीस वेळा.

परत आल्यावर जूनमध्येच आम्ही मुख्याध्यापकांना अर्ज दिला: लहान वर्ग मागच्या बाजूला न्यावेत, त्या जागी कार्यालय आणि भांडारखोली पुढे आणावी. एक पैसा खर्च नाही, फक्त बाके हलवायची. त्यांनी अर्ज वाचला, खिडकीबाहेर एक टेम्पो हॉर्न वाजवत उभा होता तो जाईपर्यंत थांबले आणि म्हणाले, "बघू, दिवाळीच्या सुट्टीत करता येईल." दिवाळीनंतर पहिलीचा वर्ग मागे गेला. दुसरीचा अजून पुढेच आहे.