कडोदऱ्याच्या प्राध्यापकाने शिकायला कुठे जावे?

विद्यापीठात शिकवायला पदव्युत्तर पदवी लागते, नेट किंवा सेट लागते, पीएचडी असली तर उत्तम. शिकवावे कसे, हे शिकल्याचा दाखला मात्र कोणी मागत नाही. माध्यमिक शाळेच्या मास्तरला बी.एड. सक्तीचे, प्राध्यापकाला नाही. ही उणीव नोकरी लागल्यावर भरून काढायची, अशी आपल्याकडची रीत आहे. 1986च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने अकॅडेमिक स्टाफ कॉलेजे उघडली ती यासाठीच. 2015मध्ये त्यांचे ह्यूमन रिसोर्स डेव्हलपमेंट सेंटर झाले आणि 2023च्या शिक्षकदिनी मालवीय मिशन सुरू होऊन पुन्हा नाव बदलले. पाट्या बदलल्या, तरी स्टाफरूममध्ये ‘ओरिएंटेशन’ आणि ‘रिफ्रेशर’ हेच शब्द चालतात.

सुरत–बारडोली रस्ता मुंबई–अहमदाबाद महामार्गाला छेदतो, तिथे कडोदरा आहे. आसपासची महाविद्यालये बहुतांशी 1965मध्ये स्थापन झालेल्या, आज वीर नर्मद यांचे नाव असलेल्या दक्षिण गुजरात विद्यापीठाशी संलग्न. गुजरातमधली जुनी स्टाफ कॉलेजे मात्र अहमदाबाद, राजकोट आणि वल्लभ विद्यानगर इथली, म्हणजे सगळी बडोद्याच्या पलीकडे. तीन-चार आठवडे घर सोडून तिकडे राहायचे, तर ते सर्वांनाच जमणारे नव्हते. लहान मुले असलेल्या प्राध्यापिकांना तर नाहीच. अभियांत्रिकीच्या शिक्षकांचे नशीब थोडे बरे: सुरतेतच 1961पासूनची संस्था, आजची एसव्हीएनआयटी, अल्पमुदतीचे अभ्यासक्रम घेते.

या प्रशिक्षणाला खरा रेटा मिळतो तो पदोन्नतीचा. आयोगाच्या 2018च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाला वेतनस्तर 10वरून 11वर जाण्यासाठी पीएचडी असल्यास 4, एम.फिल. असल्यास 5, नाहीतर 6 वर्षांची सेवा आणि 21 दिवसांचे ओरिएंटेशन लागते. शिवाय रिफ्रेशर, कार्यशाळा किंवा ऑनलाइन अभ्यासक्रम यांपैकी काहीतरी. त्यामुळे फाइल पुढे सरकवायची वेळ आली की प्रमाणपत्रांची धावाधाव सुरू होते. विषय कोणता याला महत्त्व उरत नाही, तारीख बसते का ते पाहिले जाते. विकासाची संधी अशी सेवापुस्तिकेतली एक नोंद होऊन बसते.

तरीही ओरिएंटेशनमधला एक भाग कमालीचा मोलाचा आहे: सूक्ष्म अध्यापन. सहभागी शिक्षकाने पाच-दहा मिनिटांत एकच मुद्दा शिकवायचा, समोर विद्यार्थी म्हणून बसलेले इतर विषयांचे प्राध्यापक. रसायनशास्त्राच्या माणसाला इतिहासवाल्याला उष्णतेचा नियम समजावायचा असतो. तास संपला की टिपणे वाचली जातात: फळ्याकडे तोंड करून बोललात, प्रश्न विचारून उत्तर स्वतःच दिलेत, मागच्या बाकाकडे एकदाही पाहिले नाहीत. पंधरा वर्षे शिकवलेल्या माणसाला हे ऐकणे जड जाते. एरवी महाविद्यालयात कोणी कोणाच्या वर्गात जाऊन बसत नाही; बसले तर तो अपमान समजतात.

कोविडनंतर बराचसा कारभार पडद्यावर गेला आणि मालवीय मिशनमध्येही ऑनलाइन वर्गांवर मोठा भर आहे. दूरच्या गावातल्यांची सोय झाली, यात शंका नाही. कडोदऱ्यात बसून देशभरातल्या कोणत्याही केंद्राचा अभ्यासक्रम करता येतो. पण कॅमेरा बंद ठेवून हजेरी लागते आणि सूक्ष्म अध्यापनाचे पीपीटी-वाचन होते. व्याख्यान ऐकण्यापुरते हे माध्यम चालते, वर्ग उभा करायला पुरत नाही.

मिशनच्या आठ विषयसूत्रांपैकी एक आहे विद्यार्थ्यांतील विविधता. ते सुरत परिसराइतके दुसरीकडे क्वचितच उपयोगी पडेल. सुरत महापालिकेच्या शाळा गुजरातीबरोबरच मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू माध्यमांतही चालतात. उधना, लिंबायत, डिंडोलीत वाढलेला खानदेशी मुलगा घरी अहिराणी बोलतो, मराठीत शिकतो आणि महाविद्यालयात गुजराती किंवा इंग्रजीत हिशेबशास्त्र ऐकतो. परिभाषेचा शब्द तीन भाषांत फळ्यावर लिहायचा की नाही, उत्तरपत्रिकेतली मिश्र भाषा कशी तपासायची, गटात कोणाला कोणाशेजारी बसवायचे, हे प्रश्न रोजचे आहेत. त्यांची उत्तरे साचेबंद व्याख्यानात मिळत नाहीत. याच भागातल्या शिक्षकांनी एकत्र बसून ती काढायला हवीत. शेवटी आपला विद्यार्थी कोण, हे शिक्षकाला माहीत असावे लागते.

सगळ्यात अवघड जागा सेल्फ फायनान्स महाविद्यालयांची. ग्रांटेड प्राध्यापकाला पदोन्नतीचे निमित्त तरी असते, कर्तव्यरजाही मिळते. करारावर, ठरावीक पगारात शिकवणाऱ्याला बढतीची शिडीच नसेल, तर प्रमाणपत्राचा उपयोग काय? रजा घेतली तर तास बुडतात आणि पगारही कापला जाण्याची भीती. नियम बनवणाऱ्यांच्या नजरेसमोर तो क्वचितच असतो, आणि शिकवण्याचा मोठा भार तर त्याच्यावरच असतो.

त्याच्यासाठी ऑनलाइन अभ्यासक्रमांचे ‘स्वयम’ व्यासपीठ फुकट उपलब्ध आहे. परीक्षा देऊन प्रमाणपत्र घ्यायचे तरच पैसे पडतात. तंत्रशिक्षण परिषदेच्या अटल अकादमीचे आठवडाभराचे वर्गही आहेत. पण कडोदऱ्याची सगळ्यात जवळची शाळा कारखान्यांतच आहे. आसपास डाइंग-प्रिंटिंगची प्रोसेस हाउसेस आहेत, सुरतेत ‘मंत्रा’ ही कृत्रिम धाग्यांच्या वस्त्रांवर संशोधन करणारी संस्था आहे. रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाने सुट्टीत पंधरा दिवस रंगखात्यात काढले, तर रंगद्रव्यांचे प्रकरण तो वेगळेच शिकवील. वाणिज्याच्या शिक्षकाला कापडबाजारातली उधारी आणि जीएसटीची बिले हीच उदाहरणे पुरतील. अभियांत्रिकीच्या पदोन्नतीत औद्योगिक प्रशिक्षण मोजले जाते. कला, वाणिज्य, विज्ञान शाखांच्या नियमांत त्यासाठी स्वतंत्र कलम नाही, त्यामुळे असे पंधरा दिवस ज्याला हवे असतील त्याने ते प्रमाणपत्राची आशा न धरता काढायचे.