ताई, पिल्लू नको

प्रिय ताई,

तुझ्या लेकाचा फोन आला होता. भाऊजी गेल्यापासून घर खायला उठतं असं तू त्याला म्हणालीस, म्हणून तो तुझ्यासाठी लॅब्राडोरचं पिल्लू विकत घेतोय. अजून विसार दिलेला नाही, म्हणून घाईनं लिहितेय. घरात कुत्रं यावं असं मलाही मनापासून वाटतं. पण पिल्लू नको, आणि विकतचं तर नकोच. त्यापेक्षा आमच्या शेल्टरमधलं मोठं कुत्रं दत्तक घे.

आधी तुझ्याकडून बघते. पिल्लाला दर दोन-तीन तासांनी बाहेर न्यावं लागतं, रात्रीसुद्धा. आई सुटलेली असते, त्यामुळे पहिले कित्येक दिवस ते रडतं. दात येताना चपला, खुर्च्यांचे पाय, तुझ्या पोथ्यांचे कोपरे, सगळं चावून निघतं. आणि वर्षभरात हेच पिल्लू पंचवीस-तीस किलोंचं होतं. मांजर दिसल्यावर त्यानं पट्ट्याला हिसका दिला तर ऑपरेशन झालेल्या गुडघ्यावर तू कशी सावरणार?

आता त्या पिल्लाच्या आईकडून बघ. तिचा विचार कुणी करत नाही, कारण ती गिऱ्हाइकाला दिसतच नाही. कुत्र्यांच्या पैदाशीसाठी केंद्र सरकारनं २०१७ मध्ये नियम केले. ब्रीडरची राज्याच्या मंडळाकडे नोंदणी हवी, दीड वर्षाच्या आतल्या मादीपासून वेत घेता येत नाही, वर्षाला एकच वेत, जन्मात पाचापेक्षा जास्त नाहीत, आणि आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायचं नाही. लेकाला म्हणावं, विक्रेत्याकडे नोंदणीचा कागद माग आणि पिल्लाची आई तिच्या राहत्या जागी दाखव म्हण. बहुतेक ठिकाणी तिथेच बोलणं संपतं. केनेल क्लबचे, म्हणजे केसीआयचे कागद आहेत, असं विक्रेता सांगेल. ते वंशावळीचे असतात, तब्येतीचे नाहीत. लॅब्राडोरमध्ये खुब्याच्या सांध्याचा दोष आनुवंशिक असतो आणि तो त्या कागदावर दिसत नाही.

पिल्लू लहान तितकं गोजिरं, म्हणून पाच-सहा आठवड्यांचीही सर्रास विकतात. त्या वयात आईच्या दुधातून मिळालेलं संरक्षण ओसरत असतं आणि लसीचं पुरतं आलेलं नसतं. पार्व्हो विषाणूची लागण झाल्यावर लक्षणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस जातात. म्हणजे विकताना उड्या मारणारं पिल्लू घरी आल्यावर उलट्या-जुलाबांनी आडवं होतं, आणि विकणारा म्हणतो, माझ्याकडे होतं तेव्हा ठणठणीत होतं. अशी मलूल पिल्लं टॉवेलात गुंडाळून आणणारी माणसं मी दवाखान्यात पाहिली आहेत. फार वाईट वाटतं ताई, पिल्लाचं आणि त्या माणसांचंही.

तू म्हणशील, शेल्टरमध्ये तरी कोण असतं, रस्त्यावरची भांडखोर कुत्रीच ना? नाही. नसबंदी आणि लस झालेलं रस्त्यावरचं कुत्रं पुन्हा त्याच्याच गल्लीत सोडायचं, असा २०२३ चा नियम आहे. रेबीज झालेली आणि हिंस्र कुत्री सोडून बाकीच्यांसाठी सर्वोच्च न्यायालयानंही ऑगस्ट २०२५ मध्ये तेच सांगितलं. त्यामुळे आमच्याकडे राहतात ती मुख्यतः परत कुठे जाऊच न शकणारी. गाडीखाली पाय गेलेली, आंधळी, आईवेगळी. आणि सगळ्यात हळवी, एकेकाळी कुणाच्या तरी सोफ्यावर झोपलेली. बदली झाली, बाळ झालं, घरमालकानं हरकत घेतली, की रात्री फाटकाला बांधून माणसं निघून जातात. १९६० च्या कायद्यानं हा गुन्हा आहे, पण पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये! अशी कुत्री पहिले काही दिवस गाडीचा आवाज आला की उठून उभी राहतात.

भेट द्यायला आलेली मंडळी थेट पिल्लांकडे जातात. चार-पाच वर्षांच्या कुत्र्यासमोर क्षणभर थांबतात आणि "याला आता आपला लळा कसा लागणार?" म्हणत पुढे सरकतात. मला हे पटत नाही. पिल्लू पुढे कसं निघेल हे कुणालाच सांगता येत नाही. मोठ्याचा स्वभाव मात्र दिसतो. कोण स्कूटरवर भुंकतं, कोण फटाक्यांना घाबरून खाटेखाली शिरतं, कोण मुलांत रमतं, कोणाला पोळी चालते आणि कोणाला अंगावर ओरडलेलं सोसत नाही, हे तिथल्या झाडलोट करणाऱ्या मावशींना तोंडपाठ असतं. तू फक्त त्यांना विचारायचंस. नसबंदी झालेली असते, लसी दिलेल्या असतात. गोचीडतापाची रक्ततपासणी झाली आहे का हे आवर्जून विचार, ते मीही बघेन.

लगेच लळा लागेल असं मात्र मनात धरू नकोस. आमच्याकडे तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा अंदाज सांगतात. आधी बावरलेपण जातं, मग घराची वेळ-काळ कळते, मग ते तुझं होतं. कुणाला याहून जास्त लागतं. त्या काळात पाहुण्यांना कौतुकानं कुरवाळायला देऊ नकोस आणि फिरताना पट्टा सोडू नकोस. दत्तक देण्याआधी घर बघायला कुणी येईल, फॉर्म भरून घेतील. त्याचा राग मानू नकोस. एकदा टाकलेल्या जिवाला दुसऱ्यांदा कुणी टाकू नये म्हणून ते विचारतात. सोसायटीच्या सेक्रेटरींनी कुरकुर केली तर प्राणी कल्याण मंडळाचं २०१५ चं परिपत्रक त्यांना वाचायला दे. पाळीव प्राण्यांवर सोसायटीला सरसकट बंदी घालता येत नाही.

माझ्या मनात एक आहे. तांबूस रंगाची, मध्यम चणीची देशी कुत्री, दातांवरून पाचेक वर्षांची. पट्ट्याला ओढत नाही, जिना हळू चढते, माणूस पेपर वाचत बसला की पायाशी येऊन बसते. मांजरांशी पटत नाही, हे आधीच सांगून ठेवते. तुला लॅब्राडोरच हवा असेल तर तेही शेल्टरमध्ये येतात, थोडं थांबावं लागेल.

आधी महिनाभर सांभाळायला म्हणून ने. नाही जमलं तर मी स्वतः येऊन घेऊन जाईन, ती पुन्हा रस्त्यावर जाणार नाही. लेकाला पैसे खर्चच करायचे असतील तर तिचं वर्षाचं खाणं आणि डॉक्टर त्याच्याकडे दे. या रविवारी दोघं सकाळी लवकर या, उन्हाच्या आत तिला घेऊन चक्कर मारू. जेवायला थांबायचं आहे.

तुझी,
धाकटी