'मी' म्हणणारा आणि लिहून घेणारा

अमळनेर आणि धुळे यांतील अंतर जेमतेम पस्तीस-चाळीस किलोमीटरांचे. १९०६ मध्ये खानदेशाचे विभाजन झाले तेव्हा अमळनेर पूर्व खानदेशात राहिले आणि धुळे पश्चिम खानदेशाचे मुख्य ठाणे झाले. या टापूत पुढील अर्धशतकात 'मी' कोण आणि त्याची सीमा कोठे, हा प्रश्न ग्रंथालयात विचारला गेला, तुरुंगात विचारला गेला, आणि जात्याशी बसलेल्या एका बाईच्या ओव्यांमुळे तो समीक्षेलाही विचारावा लागतो.

अमळनेरचे गिरणीमालक प्रतापशेठ यांनी १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केले. अद्वैताचा अभ्यास हा तेथील मुख्य व्यवसाय. जी. आर. मलकानी, रासविहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती यांचा अज्ञानविषयक संयुक्त ग्रंथ १९३३ मध्ये याच परिसरातून सिद्ध झाला. त्याआधी, १९३० मध्ये, कृष्णचंद्र भट्टाचार्य यांचा विषयी आणि स्वातंत्र्य यांचे अद्वैत मांडणारा ग्रंथ अमळनेरहून प्रसिद्ध झाला होता. देह, मन, भावना यांपासून एकेक पायरीने विलग होत जाणे म्हणजेच विषयीचे स्वतःकडे येणे, असा त्या विवेचनाचा सूर आहे. त्यात 'मी' या शब्दाविषयी जे सुचविले आहे ते साहित्याच्या अभ्यासकाने विशेष लक्षात घ्यावे असे आहे. 'झाड' हा शब्द कोणीही उच्चारला तरी झाडच दाखवितो; 'मी' मात्र उच्चारणाऱ्याबरोबर बदलतो. ऐकणाऱ्याला त्यातून एखादी वस्तू कळत नाही, बोलणारा कळतो.

ज्या वर्षी हा ग्रंथ निघाला त्याच वर्षी अमळनेरच्या शाळेतील एका शिक्षकाने राजीनामा दिला. पांडुरंग सदाशिव साने हे तत्त्वज्ञानाच्या ओढीनेच या मंदिरात आले होते. परंतु १९२४ मध्ये ते शाळेत शिक्षक झाले. वसतिगृहातील मुलांची अंथरुणे आवरणे, त्यांच्यासाठी हस्तलिखित दैनिक काढणे, यांत त्यांचा दिवस जाऊ लागला. 'स्व'ची सीमा ओलांडण्याचे हे दोन मार्ग एकमेकांच्या शेजारीच होते. एकात सारे इतर गळून पडावयाचे, दुसऱ्यात सारे इतर आत घ्यावयाचे. सानेगुरुजींना दुसरा मार्ग मानवला. तो सुखाचा मात्र नव्हता. ज्याच्या मनाला कुंपण नाही त्याला प्रत्येकाचे दुःख लागते.

१९३२ मध्ये हे दोन मार्ग धुळ्याच्या तुरुंगात एकत्र आले. २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळातील अठरा रविवारी विनोबांनी सहबंद्यांपुढे गीतेच्या अठरा अध्यायांवर प्रवचने केली. ती सानेगुरुजींनी ऐकता ऐकता उतरवून घेतली. येथे भट्टाचार्यांचा प्रश्न कागदावर उतरतो. विनोबा 'मी' म्हणतात. तो 'मी' लिहिणारा हात मात्र दुसऱ्याचा आहे. त्या क्षणी लेखनिकाने स्वतःचा 'मी' बाजूला सारलेला असतो. पण कान त्याचाच, वाक्य कोठे थांबले हे ठरविणारा श्वासही त्याचाच. तो पूर्णपणे साक्षी राहिला असता तर काहीच लिहिले गेले नसते; पूर्णपणे कर्ता झाला असता तर विनोबा उरले नसते. 'गीता प्रवचने' या दोहोंच्या मधल्या जागेत उभी आहे. पुढच्याच वर्षी, नाशिकच्या तुरुंगात, गुरुजींनी 'श्यामची आई' लिहिली. तेथे स्वतःचे बालपण सांगतानाही त्यांनी 'मी' श्यामच्या तोंडी दिला. जणू दुसऱ्याचा 'मी' लिहिल्यावर स्वतःचा 'मी'ही थोडा दुरून लिहिणे त्यांना शक्य झाले.

जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक अवघड होतो. १८८० मध्ये जन्मलेल्या या निरक्षर शेतकरी स्त्रीने घरकाम आणि शेतकाम करता करता रचना केली. ती टिपून घेतली मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरातील आणखी एका नातलगाने. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या. पुस्तक १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह आले. विनोबा लिहू शकत होते, आपले शब्द तपासू शकत होते. बहिणाबाईंना ती सोय नव्हती. लेवा बोलीतील त्यांचे उच्चार देवनागरीत कसे बसले हे त्यांनी कधी वाचले नाही. शिवाय सोपानदेव स्वतः कवी. तेव्हा पानावरचा स्वर कितपत आईचा आणि कितपत मुलाच्या कानाचा, ही शंका निराधार म्हणता येणार नाही. परंतु ती मिटविण्यासाठी 'शुद्ध' बहिणाबाई वेगळी काढू पाहणारा समीक्षक नकळत अद्वैत्याच्या पायऱ्या चढू लागतो: मुलगा वजा, लिपी वजा, छापखाना वजा. शेवटी हाती उरते ते मौन.

रोलां बार्थ यांनी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली, तेव्हा ती पुस्तकावर स्वामित्व सांगणाऱ्या लेखकाविरुद्ध होती. खानदेशातील या संहितांना ती जशीच्या तशी लागू पडत नाही. ज्या स्त्रीला लेखक म्हणून जगताच आले नाही तिच्या मृत्यूची घोषणा करणे हा सिद्धान्त नव्हे, अन्याय आहे. येथे कोणी मरत नाही. बोलणारा लिहिणाऱ्याचा ऋणी असतो आणि लिहिणारा बोलणाऱ्याचा. 'स्व'ची सीमा म्हणजे शेताचा बांध मानला तर तो दोन्ही शेतांचा असतो. तो कोरला तर भांडण होते, आणि मोडला तर दोन्ही शेते ओळखू येत नाहीत.

जळगावच्या विद्यापीठाला २०१८ मध्ये बहिणाबाईंचे नाव मिळाले. तेथील प्रत्येक पदवीपत्रावर ज्या बाईचे नाव असते तिला स्वतःला ते लिहिता आले नसते. ते वाचताना, दुसऱ्याच्या हाताने लिहिले गेल्यामुळे तिचा 'मी' कमी झाला की पुरा झाला, हे प्रत्येक अभ्यासकाला आपल्यापुरते ठरवावे लागेल.