मोत माउलीला डावा पाय

मुंबईतल्या लग्नाचं, जेवणावळींचं आणि लोकलच्या गर्दीचं सांगण्यासारखं काही नाही. सांगायचं आहे ते वांद्र्याच्या टेकडीवरच्या माउंट मेरी चर्चचं. नागपूरहून निघताना गांधीबागेत कापडबाजारामागे राहणाऱ्या आमच्या काकूंनी माझ्या मुठीत पन्नासाची नोट कोंबली होती. "तिथं मेणाचा पाय वाहतेत म्हणे. माह्या गुडघ्यासाठी एक वाहून ये ना बाप्पा!"

चर्चबाहेर रस्त्याकडेला टेबलं मांडलेली असतात. त्यांवर मेणाचे हात, पाय, डोकी, बाळं, घरं. परदेशी जाऊ पाहणाऱ्यांसाठी विमानंसुद्धा. ज्याचं जे दुखतं किंवा ज्याला जे हवं, ते त्यानं मेणात विकत घ्यायचं आणि मोत माउलीला वाहायचं. कोळ्यांनी मेरीला हेच नाव दिलं आहे. टेबलामागच्या मावशींनी पायांच्या ढिगात हात घालून विचारलं, "कंचा पाय? डावा का उजवा?"

मी काकूंना फोन लावला. "डावा! उजवा तर चांगला चालते," काकू इतक्या जोरात म्हणाल्या की मावशींनाही ऐकू गेलं. त्यांनी दोन पाय शेजारी ठेवून अंगठे पाहिले, डावा बाजूला काढला, टाचेवर गोठलेला ओघळ नखानं खरवडला आणि पाय कागदात गुंडाळला. पैसे घेतल्यावर पुन्हा हाक मारून बजावलं, "ठेवताना त्यांचं नाव घ्या हां, तुमचं नको." इतकी काळजी मी फार थोड्या दुकानांत पाहिली आहे. मी काकूंचं पूर्ण नाव घेतलं, माहेरच्या आडनावासकट.

आत वेदीवरची मूर्ती सोळाव्या शतकात जेझुइट पाद्र्यांनी आणलेली. परंपरा सांगते की १७०० मध्ये चाच्यांनी तिच्या हातातली सोनेरी वस्तू सोन्याची समजून उजवा हातच तोडला. हातापायांसाठी लोक जिला साकडं घालतात, तिचा स्वतःचा हात तुटलेला होता, हे कळलं आणि मला ती फार जवळची वाटली.

मग युद्ध आलं. १७३७ ते १७३९ या काळात मराठ्यांनी वांद्र्यासह साष्टी बेट आणि वसई पोर्तुगीजांकडून जिंकून घेतली. त्या धुमाळीत टेकडीवरचं जुनं प्रार्थनास्थळ पडलं. आज दिसते ती गॉथिक वळणाची इमारत १९०४ ची, शापूरजी चांदाभॉय यांनी उभारलेली. ती देखणी आहे, पण मी अडकलो तो त्याआधीच्या बांधकामात.

कारण चर्च पुन्हा उभं राहिलं १७६०-६१ च्या सुमारास, आणि इंग्रजांनी साष्टी घेतली १७७४ च्या अखेरीस. मधली सगळी वर्षं इथे अंमल पेशव्यांचा. जानेवारी १७६१ मध्ये पानिपत झालं. त्याच सुमारास, ज्या युद्धात हे चर्च पडलं ते जिंकणाऱ्यांच्याच मुलखात, त्याच्या भिंती पुन्हा चढत होत्या. दगड कुणी वाहिले, चुना कुणी मळला, मी बाकावर बसून तेच मनात घोळवत होतो.

चिमाजी अप्पांनी वसई घेतली ते मी शाळेत अभिमानानं पाठ केलं होतं आणि तो अभिमान आजही आहे. पण पेशव्यांच्या राज्यात वांद्र्याचं चर्च पुन्हा उभं राहिलं, याची एक ओळही माझ्या वाचनात आली नव्हती. वसईच्या धड्यात ती यायलाच हवी.